पहिल्यांदाच कॉन्चेर्टोची साथ करणार असाल तर

परीक्षेच्या तारखा लागल्या की मला फोन यायला सुरुवात होते. "ताई, ब्रुख आहे. पियानोवर कोणी मिळत नाहीये. वाजवाल का?" ब्रुख म्हणजे त्या जर्मन संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, एका वाद्यासाठी ऑर्केस्ट्रासह लिहिलेली कृती; परीक्षेत ऑर्केस्ट्राच्या जागी पियानो वाजतो. विचारणारा बहुधा वीस-बावीस वर्षांचा व्हायोलिनवादक असतो, ट्रिनिटी नाहीतर असोसिएटेड बोर्ड या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या डिप्लोमाला बसलेला. साथीदार आपला आपणच आणायचा असतो, आणि पुण्यात पियानो शिकवणारे पुष्कळ असले तरी कॉन्चेर्टोची साथ करायला 'हो' म्हणणारे फार थोडे. सव्वीस वर्षं मी हे काम करते आहे. आता सगळ्यांना वेळ देता येत नाही, म्हणून तरुण पियानोवादकांची नावं सुचवते. मग दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो: पुस्तक उघडून बघितलं, हे दोन हातांत मावतच नाही.

हे लिखाण त्या फोनसाठी आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, सांगलीला हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पानं उलटायची. गाणाऱ्याने श्वास घेतला की अप्पांची बोटं पट्ट्यांवर नुसती टेकलेली असायची, दाबलेली नसायची. पुढे मी पियानो शिकले, एकलवादनाच्या परीक्षा दिल्या. पहिल्यांदा एका व्हायोलिनवाल्या मुलाची साथ करायला बसले तेव्हा माझ्या शिक्षिकेने शिकवलेल्या गोष्टींपेक्षा ते स्टूल जास्त उपयोगी पडलं. तुमच्या घरी कोणी पेटी-तबल्याची साथ करत असेल तर त्यांच्याशी बोला. संगीत वेगळं आहे, पण कान तिथेच लावायचा असतो.

पुस्तकात जे छापलंय ते काय आहे

सोनाटाची पियानोची बाजू संगीतकाराने पियानोसाठीच लिहिलेली असते. ब्राह्म्सच्या व्हायोलिन सोनाटात एक सूर गाळला तर तो गुन्हाच. कॉन्चेर्टोचं तसं नाही. तिथे मूळ आहे ऑर्केस्ट्रा. तुमच्या पुढ्यातला कागद, म्हणजे रिडक्शन, हा कोणीतरी नंतर केलेला सारांश असतो. करणाऱ्याने बासरी, हॉर्न, व्हायोलांचा (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या तारवाद्यांचा) मधला आवाज असं जमेल तितकं दोन ओळींत कोंबलेलं असतं. त्यात सगळं असावं ही त्याची जबाबदारी होती. सगळं वाजावं ही तुमची नाही.

म्हणून पहिलं काम: पियानोला हात लावण्याआधी ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र छापलेली प्रत, मिळवा. जुन्या कृतींचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तो स्कोअर आणि रिडक्शन शेजारी-शेजारी ठेवा, एखादं चांगलं ध्वनिमुद्रण लावा, हातात पेन्सिल घ्या आणि रिडक्शनवर लिहीत जा: इथे ओबो, इथे हॉर्न, इथे नुसते चेलो आणि बास, इथे टिंपनी. मी याला दोन संध्याकाळी देते. त्या दोन संध्याकाळींनंतर पान वेगळं दिसायला लागतं. जिथे सोळा सूर छापलेत तिथे प्रत्यक्षात व्हायोलिनांची कुजबुज आहे हे कळतं. जिथे एकच सूर आहे तिथे तो एकट्या 'बसून' (बासून) या खर्जातल्या फुंकवाद्याचा आहे आणि सगळं सभागृह त्याच्याकडे कान लावून बसलेलं असतं, हेही कळतं.

वेगवेगळ्या प्रकाशकांची रिडक्शन्स वेगवेगळी असतात. एकात अशक्य वाटणारी ओळ दुसऱ्यात सोपी करून दिलेली सापडते. मुंबईत धोबीतलावला जेर महालमध्ये फर्टाडोजच्या दुकानात जाऊन दोन आवृत्त्या चाळून पाहणं हा माझा आवडता उद्योग. मात्र एक काळजी घ्या. सोलोवादक ज्या आवृत्तीतून वाजवतो तिच्यातले बारांचे (तालाच्या छोट्या घरांचे) क्रमांक आणि तालमीची अक्षरं तुमच्या आवृत्तीशी जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर पहिल्या तालमीआधी स्वतःच्या प्रतीत हाताने घाला. "जी अक्षरापासून घेऊ" असं तो म्हणेल आणि तुमच्याकडे 'जी' हे अक्षर दुसऱ्याच पानावर असेल, तर अर्धी तालीम तिथेच जाते.

क्लॅरिनेटवाला मोझार्टचा १७९१ चा कॉन्चेर्टो घेऊन आला तर पहिला प्रश्न विचारा: ए क्लॅरिनेट की बी फ्लॅट? मूळ कृती ए क्लॅरिनेटची, म्हणजे पियानो ए मेजरमध्ये. आपल्याकडे विद्यार्थ्यांकडे बहुतेक वेळा बी फ्लॅट क्लॅरिनेट असतं, आणि त्यासाठी बदललेल्या आवृत्त्याही मिळतात. त्यांत पियानो बी फ्लॅट मेजरमध्ये असतो. हे फोनवरच विचारलंत तर तीन आठवडे चुकीच्या पट्टीत मेहनत होणार नाही.

तुत्ती कापायची कशी

डिप्लोमाचा कार्यक्रम घड्याळावर चालतो. असोसिएटेड बोर्डाच्या एआरएसएम या डिप्लोमाला तीस मिनिटांचा कार्यक्रम. वरच्या पातळ्यांना त्याहून मोठा. ही मिनिटं परीक्षार्थीची आहेत. परीक्षक तुम्हाला गुण देत नाही. म्हणून नुसत्या ऑर्केस्ट्राच्या लांब जागा, म्हणजे तुत्ती, छोट्या करायच्या असतात, आणि अभ्यासक्रमही तेच सांगतो. पण कुठून कुठे कापायचं ते कोणी सांगत नाही. साथीदाराची खरी कसोटी मला इथेच दिसते.

आधी हिशेब करा. बेथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत सोलो ८९ व्या बारला येतो. तोवर तीन मिनिटांहून जास्त वेळ गेलेला असतो. मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोत ५७ व्या बारला. पियानोवर ही सगळी तुत्ती ऐकवली तर परीक्षार्थी वाद्य हातात धरून उभा, हात गार पडलेले, परीक्षक घड्याळाकडे बघतोय. उलट सगळंच कापून थेट सोलोच्या आधीच्या दोन बारांवर सुरुवात केली तर कृतीला दारच उरत नाही, आणि सोलोवादकाला पट्टी, लय, हवा यांपैकी काहीच अंगात मुरवायला मिळत नाही.

मोझार्टचा पाचवा व्हायोलिन कॉन्चेर्टो, ए मेजर, १७७५ चा, मी आजवर सगळ्यात जास्त वेळा वाजवलेला. सुरुवातीची तुत्ती ३९ बारांची, चालीप्रमाणे सव्वा मिनिटाच्या आसपास. मग ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलो व्हायोलिन अनपेक्षितपणे सहा बारांचा संथ अडाजिओ गातं. त्यानंतर पुन्हा वेगवान अलेग्रो सुरू होतो, सोलो नवीनच धून घेऊन येतो, आणि तिच्याखाली ऑर्केस्ट्रा काय वाजवतो? अगदी सुरुवातीची, ए-सी शार्प-ई अशी चढत जाणारी स्वतःचीच ओळ. जी आपण मुख्य धून समजलो होतो ती आता साथ झाली. ही गंमत ऐकणाऱ्याला कळायची असेल तर सुरुवातीचे बार त्याने आधी ऐकलेले असायला हवेत. म्हणून या कृतीत मी पहिला वाक्यखंड पूर्ण ठेवते, मधला भाग सोडते आणि तुत्तीच्या शेवटच्या चार-पाच बारांवर उडी मारते. तुम्ही नुसता शेवट ठेवून सुरुवात कापलीत तर वेळ वाचेल, पण मोझार्टने रचलेला डाव उघडा पडणार नाही. परीक्षकाला तो माहीत असतो. तुम्हालाही माहीत आहे हे त्याला त्या पहिल्या आठ बारांत कळतं.

उडी कुठून कुठे मारायची त्याची माझी पद्धत अशी. आधी सोलोच्या प्रवेशापासून मागे मागे जा आणि पूर्ण श्वासाचा वाक्यखंड जिथे सुरू होतो ती जागा शोधा. ती झाली उतरण्याची जागा. मग सुरुवातीकडून पुढे या आणि त्याच पट्टीत, शक्यतो त्याच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) एखादा वाक्यखंड कुठे संपतो ते पहा. ती निघण्याची जागा. दोन्हीकडचा बास गाऊन बघा. बास गाताना गळा अडखळला तर सांधा चुकला. आवाजाची पातळीही बघा. हळू आवाजातून एकदम पूर्ण ऑर्केस्ट्रात उडी मारली की कापल्याचं ऐकू येतं. एखादा बार मधे स्वतः जोडावा लागला तरी चालेल. मी एका ठिकाणी डाव्या हाताचे दोन सूर स्वतः घातलेत, आणि आजवर कोणी विचारलेलं नाही.

मधल्या तुत्तींबद्दल मात्र परीक्षार्थीला विचारल्याशिवाय पेन्सिल चालवू नका. ब्रुखच्या पहिल्या भागात शेवटाकडे एक मोठी दणदणीत तुत्ती आहे, तिच्यानंतर सुरुवातीचं शांत वातावरण परत येतं. तिच्या आधीच्या पानांवर व्हायोलिनवाल्याने जिवाचं रान केलेलं असतं. त्याला खांदा सैल करायला, बोटांचा घाम पुसायला, कदाचित ई तार जुळवायला तीस सेकंद हवे असतात. एका मुलीने मला सांगितलं, "ताई, ही अर्धीच कापा, मला श्वास हवाय." बरोबर होतं तिचं.

कापणं ठरलं की ते दोन्ही प्रतींत लिहा. दोन्ही. सोलोच्या प्रतीत तिथे नुसता जाड आडवा दांडा आणि वर विश्रांतीच्या बारांचा आकडा असतो. तो आकडा खोडून नवा आकडा घालायचा, शिवाय पियानोचा शेवटचा एक बार त्याच्या वर बारीक अक्षरांत उतरवून द्यायचा. पूर्वी एकदा मी परीक्षेच्या चार दिवस आधी एक सांधा बदलला, माझ्या प्रतीत लिहिला, आणि मुलीला तोंडी सांगितलं. परीक्षेत ती जुन्या हिशेबाने मोजत राहिली आणि दोन बार उशिरा आली. मी फिरून तिला पकडलं, ती सावरली, पासही झाली. पण पुढचं पानभर तिचा धनुष्याचा हात आखडलेला होता, आणि त्याचं कारण मी होते. त्यानंतर परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत मी कापलेल्या जागांना हात लावत नाही.

काय वाजवायचं नाही

बास आधी. नुसत्या डाव्या हाताने सबंध भाग लयीत वाजवता आला पाहिजे, बघत बघत, गप्पा मारता मारता. बास आणि लय असली तर सोलोवादक उभा राहू शकतो, उजव्या हातातलं निम्मं गळलं तरी. उलट केलं, म्हणजे उजव्या हातातले सगळे सूर पकडायच्या नादात लय अर्ध्या क्षणाने मागे पडली, तर उत्तमातला उत्तम वादकही डगमगतो.

बास पक्का झाला की उजव्या हातातून गाळायला लागा. सोलो जी धून वाजवतोय तीच रिडक्शनमध्येही छापलेली असेल तर ती सोडा. फार तर मधला आवाज ठेवा. दोन्ही हातांत ऑक्टेव्ह (सप्तकाच्या अंतरावरचा तोच सूर जोडीने) असतील आणि वेग असेल तर एका हातातला वरचा किंवा खालचा सूर काढून टाका. हॉर्नचे लांब धरलेले सूर, जे बोट अडकवून ठेवतात, ते एकदा वाजवून पेडलवर सोपवा. ब्रुखच्या त्या मोठ्या तुत्तीत तारवाद्यांच्या धावत्या सोळांशांना चिकटून राहिलात तर बास आणि ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे, ठोके हरवतात, आणि ऑर्केस्ट्राचा दणका त्या ठोक्यांत आहे. मी तिथे प्रत्येक गटातले पहिले सूर आणि वळणाचे सूर घेते, बाकीची रांग गरजेपुरती. ऐकणाऱ्याला धावल्याचा भास पुरतो.

ट्रेमोलोवर जरा जास्त बोलते, कारण नवखे साथीदार सगळ्यात जास्त तिथे दमतात. ब्रुखचा तिसरा भाग सुरू होतो तेव्हा ऑर्केस्ट्रा दबक्या आवाजात आतून पेटत असतो, आणि मग व्हायोलिन दुहेरी सुरांत ती नाचरी धून घेऊन उसळी मारतं. तारवाद्यांचा ट्रेमोलो म्हणजे वीस-तीस धनुष्यांचं थरथरणं. तो पियानोवर ऑक्टेव्ह हलवून वाजवला की खडखडाट होतो आणि तिसऱ्या ओळीला मनगट दगड होतं. त्याऐवजी कॉर्ड दोन्ही हातांत वाटून घ्या. पहिला ठोका बाससकट नीट वाजवा, पेडल धरा, आणि मग बोटं पट्ट्यांपासून न उचलता, पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबत राहा. वेग मोजलेला ठेवा. थरथर हळू असली तरी चालते. आवाज वाढवायचा तो बासमधून वाढवा.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण देते. एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोत, १९१९ चा हा, सुरुवातीला चेलो एकटा बोलतो, आणि नंतर मुख्य धून येते ती नुसत्या व्हायोलांकडे. खाली काहीही नाही. पियानोवर एका हाताची एक उघडी ओळ. इथे भर घालायचा, पेडलने ओलं करायचा मोह होतो. तो आवरा. जसं आहे तसं, कोरडं, एका बोटाने गावं तसं वाजवा. चेलो तीच धून उचलतो तेव्हा तुमच्या त्या एकटेपणातूनच त्याला रंग मिळतो.

सुरुवात, शेवट आणि कडेन्झा

मेंडेल्सॉनच्या ई मायनर कॉन्चेर्टोत, जो १८४५ मध्ये लाइपझिगला पहिल्यांदा वाजला, सोलो जेमतेम दीड बारानंतर येतो. म्हणजे संपूर्ण भागाचा वेग तुम्ही दीड बारात ठरवता. तो तुमच्या बोटांच्या सोयीने ठरवू नका. पियानोवर बसा, हात मांडीवर, मनात सोलोची धून पूर्ण एक ओळ गा, आणि त्याच गाण्याच्या खाली हात ठेवा. मी तालमीत मुलांना वाद्य खाली ठेवून ती ओळ गायला लावते. आवाज कसाही असो. गाताना ते जिथे श्वास घेतात ती जागा माझ्या प्रतीत स्वल्पविरामाने लिहिलेली असते, आणि पहिली तालीम मी बहुतेक त्यातच घालवते.

कडेन्झा म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलोवादक एकटाच आपलं कसब दाखवतो ती जागा. तिच्यानंतरचा प्रवेश हा साथीदाराचा सगळ्यात एकाकी क्षण. आपल्याकडे तबलजी गवयाच्या लांब तानेत सम कुठे येणार याचा अंदाज घेत बसलेला असतो, अगदी तसाच. मोझार्टच्या कॉन्चेर्टोत कडेन्झा बहुधा दुसऱ्या कोणाची घेतलेली असते, पाचव्याला योआखिम या एकोणिसाव्या शतकातल्या व्हायोलिनवादकाची बरेच जण वाजवतात. ती तुमच्या पुस्तकात असेलच असं नाही. तिच्या शेवटच्या दोन ओळींचा फोटो मागून घ्या आणि प्रतीवर चिकटवा. शेवटी लांब ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची भराभर अदलाबदल, येते. ट्रिल किती वेळ चालेल ते कोणालाच माहीत नसतं, वादकालाही. म्हणून मोजू नका. ट्रिल संपताना तिला जोडून जे दोन बारीक सूर वळण घेतात, त्यांच्यावर कान ठेवा. ते ऐकू आले की हात खाली.

मेंडेल्सॉनने कडेन्झा स्वतः लिहिली आणि ती भागाच्या मधोमध ठेवली. तिचा शेवट म्हणजे धनुष्य चारही तारांवरून उसळत जातं, आणि त्या उसळत्या सुरांखाली ऑर्केस्ट्रा मुख्य धून हलकेच घेऊन येतो, कोणाला कळायच्या आत. इथे मोठ्याने आलात तर सगळं गेलं. त्या उसळीच्या शेवटच्या काही बारांत प्रत्येक बाराचा कॉर्ड पेन्सिलने लिहून ठेवा आणि कॉर्ड बदलतो तसं मनात सरकत या. मला तालमीत हा एक सांधा दहा वेळा करायला लागला तरी कंटाळा येत नाही. जमतो तेव्हा अंगावर काटा येतो.

त्याच कृतीत पहिला भाग संपताना शेवटच्या कॉर्डमधून 'बसून' हे वाद्य एकटंच बी हा सूर धरून राहतं, आणि तो सूर हळूच सी वर सरकून दुसऱ्या भागाचं दार उघडतो. बसूनवाला फुंकत राहतो. पियानोचा सूर विझतो. म्हणून शेवटचा कॉर्ड वाजवतानाच त्यातला बी बाकीच्यांपेक्षा वजनाने वाजवा, मग बाकीची बोटं उचला आणि ते एक बोट तसंच ठेवा. पेडल सोडा. बाकीचा गोंगाट निघून जातो आणि तो एक सूर उरतो. तुमच्या पियानोवर तो फार लवकर विझत असेल तर अगदी हलक्या हाताने पुन्हा स्पर्श करा. परीक्षार्थीला आधीच सांगा की इथे वाद्य खाली घ्यायचं नाही, नाहीतर परीक्षकाला वाटेल की भाग संपला.

ब्रुखच्या पहिल्या भागातूनही तसंच न थांबता अडाजिओत जायचं असतं. कोणी फक्त पहिलाच भाग कार्यक्रमात ठेवला असेल तर तो अधांतरी संपतो. मी आग्रहाने दोन्ही भाग घ्यायला सांगते, वेळेत बसत असतील तर.

खोली, झाकण, पंखा

परीक्षेच्या ठिकाणचा पियानो आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी वाजवून बघायला मागा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि सूर वर चढतो. कोरड्या दिवसांत उतरतो. तारवाद्यवाला जुळवून घेईल. क्लॅरिनेट किंवा ओबोला मर्यादा असते, म्हणून त्यांना तो ए लवकरात लवकर ऐकवा. सूर देताना नुसती ए ची पट्टी टोचत बसू नका. डी मायनरचा कॉर्ड हळू वाजवून त्यावर ए ठेवा. कानाला टेकायला जागा मिळते. ए क्लॅरिनेटवाल्याचा तोच सूर त्याच्या कागदावर सी असतो, बी फ्लॅटवाल्याचा बी. हे माहीत असलं की त्या घाईत गोंधळ होत नाही.

ग्रँड असेल तर झाकण छोट्या दांडीवर. पूर्ण बंद केलं तर आवाज लहान होत नाही, गढूळ होतो. व्हायोलिन 'जी' या सगळ्यात खालच्या तारेवर किंवा बासरी खालच्या सुरांत असते तेव्हा तुमचा उजवा हात आवरा, बास नको आवरू. डावं पेडल सबंध वेळ दाबून ठेवण्याने साथ नम्र होत नाही, निस्तेज होते. खोली कशी वाजते ते तुम्हाला बाकावरून कळत नाही. कोणाला तरी परीक्षकाच्या खुर्चीत बसवा आणि विचारा.

अपराइट पियानो असेल तर वादकाला तुमच्या उजव्या बाजूला, थोडं मागे उभं करा, म्हणजे मान न वळवता धनुष्याचं टोक दिसतं. व्हायोलिनवाले सुरुवातीला वाद्याचं डोकं जरासं उचलतात. फुंकवाद्यवाल्यांचे खांदे हलतात. तुम्हाला बघायचं आहे ते तेवढंच.

पानं स्वतःच उलटायची असं समजूनच तयारी करा. परीक्षक मदतीला येणार नाही, आणि उलटणारा माणूस आणायचा तर आधी नियम वाचून घ्या. मी अवघड पानांच्या छायाप्रती पुठ्ठ्यावर चिकटवून घडीच्या पडद्यासारख्या उभ्या करते. मूळ पुस्तक पिशवीत असतंच, कारण ते बघायला मागितलं जाऊ शकतं. सुटे कागद नकोत. आपल्याकडे डोक्यावर पंखा असतो, आणि मी कागद उडताना पाहिलेत. टॅबलेट आणि पायाचं बटण वापरत असाल तर कागदी प्रत शेजारी हवीच.

वादक चुकला तर

चुकतोच, कधीतरी. सगळे चुकतात. तालमीतच प्रत्येक भागात तीन-चार भेटीच्या जागा ठरवून ठेवा, जिथे काहीही झालं तरी दोघं भेटणार: मुख्य धुनेचं पुनरागमन, कडेन्झाच्या आधीचा थांबा, एखादी ठळक तुत्ती. वादकाने चार बार गाळले तर त्याच्या मागे धावताना बास थांबवू नका. डावा हात चालू ठेवा, डोळे पुढे पळवा, पुढच्या ठळक कॉर्डवर उतरा. त्याला काहीच आठवेना तर उजव्या हातात त्याच्या धुनेचे दोन सूर हलकेच द्या. एकदा पणजीहून आलेल्या एका चेलोवाल्याला हायड्नच्या सी मेजर कॉन्चेर्टोत, जो शतकानुशतकं हरवलेला होता आणि १९६१ मध्ये प्रागमध्ये सापडला, मधेच कोरं झालं. मी त्याची पुढची ओळ दोन बार वाजवली, तो त्यावर येऊन बसला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मिस, ते तिथे पियानोलाच होतं ना?" मी हो म्हटलं.

तालमी किती? कमीत कमी चार, पहिली सहा आठवडे आधी, शेवटची परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी. मानधन पहिल्याच फोनवर स्पष्ट बोला, तालमींसकट. शेवटच्या तालमीत सबंध कार्यक्रम क्रमाने, उभं राहून, आत येण्यापासून नमस्कारापर्यंत करा. वादक पुढे, तुम्ही मागे. नमस्कार दोघांचा एकत्र. मधे एखादी बाखची एकट्याची कृती असेल तर तेव्हा तुम्ही कुठे बसणार हेही ठरवा. मी बाकावरच बसते, हात मांडीवर, न हलता.

परीक्षा झाली की पेन्सिलच्या खुणा खोडू नका. माझ्याकडे प्रत्येक कॉन्चेर्टोची एक फाइल आहे. वर वाद्य, आत कापलेल्या जागांचा नकाशा, किती मिनिटं झाली, वादकाने कुठे श्वास घेतला. मोझार्ट पाचच्या फाइलमध्ये तीन वेगवेगळे सांधे आहेत. दुसरा सगळ्यात चांगला. ती फाइल कोणाला हवी असेल तर घरी येऊन उतरवून घ्या.